एका दोऱ्यात दोन वाटे

१२ जून, गुरुवार

खिळ्या,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिलंय, आत मात्र हेच सुचलं. तोंडात चार-चार खिळे धरून बोलायचास तेव्हापासून तू खिळ्याच. नऊ वर्षांत तुला या नावानं कुणी हाक मारली नसेल. बायको मारत असेल तर तसं कळव, मी बंद करीन.

फोन केला नाही, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. चार वर्षांपूर्वी बाबा गेले त्या दिवशी उचललास, आलास, उभा राहिलास आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलास. तेवढा एक सोडला तर नाहीच. पत्राचं बरं असतं. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम आहे म्हणून लिहितेय. उगाच गळा काढायला लिहीत नाही, तेव्हा निश्चिंत मनानं पुढं वाच.

यंदा शाळेत मला तिसरीचा वर्ग दिलाय. आयुष्यभर मी मोठ्या मुलांना भाषा शिकवली, निबंधांतल्या ऱ्हस्वदीर्घाशी भांडले, त्यात माझं छान चाललं होतं. तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांचं बोट यादीवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबलं. ‘तुम्हाला काय हो, सगळंच येतं!’ सगळंच म्हणजे गणितही आलं. आणि गणितात काय, तर क्षेत्रफळ. ‘योग्य एकक निवडून पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मोजणे.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि उठून चहा टाकला. आठ वर्षांच्या पोरांना हे कुठून समजवायचं? तिसऱ्या वाचनाला मलाच समजलं नव्हतं.

तर मला एक फूट लांब आणि एक फूट रुंद असे चौकोन हवेत. जमिनीवर मांडून मुलांना दाखवायला. पुठ्ठ्याचे केले होते, दोन दिवसांत पोरांनी त्यांच्या टोप्या करून टाकल्या. म्हणून पातळ प्लायवूडचे. वीस-पंचवीस पुरेत. तुझ्याकडे तुकडे उरत असतील. इथे सुतार आहे एक, पण त्याचा काटकोन म्हणजे त्याच्या मनावर. त्यानं बसवलेल्या आमच्या फळ्याच्या कडेवर खडू ठेवला की तो घरंगळत जाऊन पहिल्या बाकावरच्या मुलाच्या डब्यात पडतो.

परसाबद्दल काही लिहीत नाही. वाटणीच्या दिवशी होतं तसंच आहे सगळं. तुझा वाटा तुझ्या कुलपात, माझ्या वाट्यात मी कपडे वाळत घालते. बस्स.

भाची यंदा तिसरीतच ना? तिला पाहिलं तेव्हा चार वर्षांची होती आणि तुझ्या पायामागून माझ्याकडे बघत होती.

ताई


३० जून, सोमवार

खिळ्या,

पार्सल आलं. शिपाईमामांनी ते वर्गात आणून टेबलावर असं आदळलं की मला वाटलं, तू विटा पाठवल्यास. उघडलं तर चौकोन. एकावर एक रचले तर एका ठोकळ्यासारखे दिसतात, एकाचीही कड बाहेर येत नाही. आणि कडा घासून घासून गुळगुळीत केल्यास. मुलांच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून ना? तुझ्या पार्सलमध्ये चिठ्ठी नव्हती. पुन्हा पुन्हा शोधली. खालचा कागदसुद्धा उलटून पाहिला. असो, त्या कडांवरून हात फिरवला आणि मला चिठ्ठी मिळाली असं मी धरून चालले.

मोजले तर बत्तीस. मी वीस-पंचवीस म्हटलं होतं. बत्तीस का रे? तीस तरी पाठवायचेस, नाहीतर चाळीस. तुझा आकडा मला लागला नाही.

आता वर्गाचं ऐक, कारण हे मला कुणाला तरी सांगायचंय आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना आपापल्या वर्गाचं सांगायचं असतं.

पहिल्या दिवशी म्हटलं, आपापलं बाक आपल्या तळहातानं मोजा. चाळीस पोरं बाकांवर थापट्या मारत सुटली. शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. सगळ्यांत मोठं बाक कुणाचं निघालं? तर वर्गातल्या सगळ्यांत चिमुरड्या मुलीचं. तिचे हात भरले एकोणसाठ. शेजारी दांडगा मुलगा बसतो, त्याचे एकतीस. ‘माझं बाक मोठं!’ म्हणून ती बाकावर चढून उभी राहिली. बाकं कारखान्यातून एका मापाची आलेली. ती दोघं तर एकाच बाकावर बसतात!

दुसऱ्या दिवशी म्हटलं, सगळ्यांनी एकसारखी वस्तू घ्या. त्यांनी बाटल्यांची झाकणं आणली. मांडली. तर एक मुलगी उभी. ही मुलगी तुला सांगायलाच हवी. वर्गात तिला सगळे ‘तक्रार’ म्हणतात, आणि ती त्या नावाला ओ देते. ती म्हणाली, ‘बाई, झाकणांच्या मधून बाक दिसतंय. ते कोण मोजणार?’ खरंच होतं. गोल वस्तू कितीही चिकटून मांडली तरी मधे भोकं राहतात. म्हणून चौकोन घ्यायचा. हे पुस्तकात लिहिलं नव्हतं, तिनं मला शिकवलं.

मग विचारलं, हा व्हरांडा कशानं मोजाल? एकजात सगळे ओरडले, ‘खोडरबर!’ म्हटलं, मोजा. मी खुर्ची घेऊन बसले. दोन तास झाले, खोडरबर चारशे बाराला पोचले, व्हरांड्याचा कोपराही संपला नव्हता, आणि जेवणाची घंटा झाली. सगळ्यांची पाठ धरली होती. तेव्हा मी तुझे चौकोन काढले. पंधरा मिनिटांत व्हरांडा आटोपला. दांडगा मुलगा घाम पुसत म्हणाला, ‘बाई, हे आधी का नाही दिलंत?’

आधी दिले असते तर त्यांची किंमत कळली नसती, असं काहीतरी मी भारदस्तपणे सांगितलं. खरं कारण असं, की मला ते बाहेर काढायला जड जात होतं. इतके छान रचलेले होते.

फार दिवसांनी शाळेत जायला मला घाई होते आहे.

ताई

ता. क. भाचीला विचार, खोलीची जमीन मोजायला टपालाचं तिकीट घ्यावं की वर्तमानपत्राचं पान. ती काय म्हणते ते कळव. तू नको कळवूस हवं तर, तिला लिहू दे.


१९ जुलै, शनिवार

खिळ्या,

भाचीचं पोस्टकार्ड मिळालं. ‘आत्या, वर्तमानपत्र, पण आधी बाबांचं वाचून झालं पाहिजे.’ मी वर्गात वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या.

आजचं पत्र जरा जड आहे. बसून वाच.

सोमवारी मुलांना चित्रं चिकटवायला रंगीत कागद दिले. एका गटाला मिळाली लांब पट्टी, अकरा बोटं लांब आणि एक बोट रुंद. दुसऱ्या गटाला चौकोन, सहा बोटं लांब, सहा रुंद. पट्टीवाल्या गटात तक्रार. ती उठलीच. ‘बाई, आम्हाला कमी दिलंत.’ मी म्हटलं, अजिबात नाही, दोन्ही सारखेच आहेत. आणि पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं. बाबांचं रीळ एखादं माझ्या पर्समध्ये असतंच, तुला माहीत आहे. चौकोनाच्या कडेनं दोरा फिरवला, तोडला. तोच दोरा पट्टीच्या कडेनं फिरवला. टोकाला टोक जुळलं. ‘बघा. तसूभर फरक नाही.’

माझ्या तोंडून बाबांचा आवाज आला रे. हेच शब्द. हाच हात असा वर करून.

तक्रारनं दोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘बाई, तुम्ही कागदाच्या बाहेरून फिरून आलात. आत गेलातच नाही.’

वर्ग हसला. मी नाही हसले. तिनं बोटभर लांबी-रुंदीचे चौकोन कापले आणि मांडायला घेतले. पट्टीवर मावले अकरा. चौकोनावर छत्तीस. घेर दोन्हींचा सारखा, आणि आत तिपटीहून जास्त फरक. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि बराच वेळ तारीख पुसत होते.

बाबा शिंपी होते. छाती, कंबर, मनगट, गळा. आयुष्यभर त्यांनी माणसाला बाहेरून फिरून मोजलं आणि एकाचाही सदरा चुकवला नाही. परसाची वाटणी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेच केलं. घराच्या कडेनं गेलेली वीस फूट लांब, चार फूट रुंद बोळकंडी एकीकडे, आणि मागचा बारा बाय बाराचा चौक दुसरीकडे. दोरा चौकाभोवती फिरवला, मग बोळकंडीभोवती. टोकाला टोक जुळलं. काय खूश झाले होते! शेजारच्या घड्याळवाल्याला मुद्दाम साक्षीला बोलावलं होतं, त्यालाही दोरा ओढून बघायला लावला. ‘एका दोऱ्यात दोन वाटे! देवानंच आखून दिल्यासारखी जागा आहे.’ चौक मला, बोळकंडी तुला. तुला तिथे सुतारकामाचं टेबल टाकायचं होतं. तू फक्त एवढंच म्हणालास, ‘ताई, तू एकदा नीट बघ ना.’ आणि मी म्हणाले...

मी काय म्हणाले ते तुला माहीत आहे. इथे लिहायला हात धजत नाही, पुढच्या पत्रात लिहीन.

आज सुट्टी. सकाळी तुझे चौकोन रिक्षात घालून घरी आणले. तुझ्या कुलपाची दुसरी किल्ली बाबांच्या कातरीच्या खणात असते, ती घेतली, न विचारता, त्याबद्दल रागव. बोळकंडीत एका ओळीत चार बसतात. बत्तीस मांडले, खडूनं रेघ मारली, उचलले, पुढं मांडले. ऐंशी. मग माझ्या चौकात. एका ओळीत बारा. एकशे चव्वेचाळीस. कंबर मोडली, पण दोनदा मोजले.

मग तिथेच पायरीवर बसून बेरीज केली. दोनशे चोवीस. निम्मे एकशे बारा. तुला ऐंशी मिळाले, म्हणजे तुला द्यायचे राहिले किती?

बत्तीस.

खिळ्या, तुला माहीत होतं.

ताई


२ ऑगस्ट, शनिवार

खिळ्या,

तुझं पत्र आलं. नऊ वर्षांत पहिलं, आणि सगळं मिळून पाच ओळी. मला पाठ झाल्यात. ‘ताई, प्लायवूड मी चौरस फुटानंच विकत घेतो. बाबा दोरा रिळाला गुंडाळत होते तेवढ्या वेळात माझा हिशोब झाला होता. त्यांच्या तोंडावर त्यांचं माप चुकलं असं म्हणणं मला जमलं नसतं. तू हळूच काहीतरी बोलशील असं वाटलं. तू सगळ्यांसमोर माझं गणित काढलंस.’

हो, काढलं. लिहिते आता. ‘तुझं गणित शाळेपासूनच कच्चं आहे, मोठ्यांच्या मापात नाक खुपसू नकोस.’ घड्याळवाल्यासमोर, तुझ्या नव्या बायकोसमोर. ती बिचारी हातात कपबशा घेऊन उभी होती. तू तुझी घडीची फूटपट्टी मिटलीस, खिशात घातलीस आणि गेलास. मी नऊ वर्षं लोकांना सांगत आले की तुला कमी वाटलं पण सिद्ध करता आलं नाही. तुला सिद्ध करायचंच नव्हतं, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आता माझं ऐक. मागच्या पत्रात मी सगळा साक्षात्कार तक्रारच्या नावावर घातला. तसं नाहीये. मला चौरस फुटांत कळत नव्हतं हे खरं. पण मला चादरींत कळत होतं. वाटणीच्या दुसऱ्याच आठवड्यात, बाबांनी मधली भिंत बांधायला घेतली त्याच्या आधी, मी धुतलेल्या चादरी जमिनीवर पसरल्या होत्या. माझ्या चौकात मोठ्या चादरी दोन सहज आल्या आणि भोवती फिरायला वाट उरली. तुझ्या बोळकंडीत एक टाकली तर दोन्ही कडा भिंतींवर चढल्या, घडी घालून टाकावी लागली. त्या दिवशी घडी घातलेल्या चादरीकडे बघत मी उभी होते. मग ती उचलली आणि पुन्हा तिथे कधी टाकली नाही.

गप्प का बसले? बाबा दुखावतील म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. थोडं खरं आहे. पण खरं सांगू? मला मोठा वाटा आवडला होता. तू लाडका, तू मुलगा, तुझ्या प्रत्येक पाटाचं आणि स्टुलाचं घरात कौतुक. मला आयुष्यात एकदा काहीतरी तुझ्याहून मोठं मिळालं होतं. बाई झाले, केस पिकले, तरी एवढीशी होते मी.

आणि मिळवून केलं काय? नऊ वर्षांत तिथे एक खोली बांधता आली नाही. सगळ्यांना सांगते, ऊन छान येतं म्हणून मोकळं ठेवलंय. ऊन छान येतं हेही खरंच आहे.

आता कामाचं. मी भिंत सरकवणार. वर्गाला उदाहरण घातलं: बारा फूट लांबीच्या भिंतीनं किती मागं सरकलं म्हणजे बत्तीस चौकोन सुटतील? कुणाची भिंत ते सांगितलं नाही. पोरांनी बारा-बाराच्या दोन ओळी मांडल्या, चोवीस झाले. उरले आठ आणि जागा बारा. मोठाच गोंधळ. दांडगा म्हणाला, आठ जणांना द्या, चार जणांना सांगा उद्या या. तक्रारनं कागदाचे आठ चौकोन घेतले, प्रत्येकाचे तीन तुकडे केले, चोवीस तुकडे झाले, बारा जागांना दोन-दोन वाटले. दोन फूट आणि वर एका फुटाच्या तीन भागांपैकी दोन भाग, म्हणजे आठ इंच. मला त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं. ती म्हणाली असती, ‘बाई, तुम्ही मला दाबताय.’

दोन फूट आठ इंच. तुझी बोळकंडी मागच्या बाजूला चांगली पावणेसात फुटांना टेकते. टेबल येईल, प्लायवूडचा तक्ता आत नेऊन फिरवता येईल. तू तेव्हा म्हणाला होतास ना, ‘इथे तक्ता आत गेला तर मला बाहेर थांबावं लागेल’? मला तेव्हा हसू आलं होतं आणि मी ते दाबलं होतं.

हो म्हण, गवंड्याला सांगते.

ताई


५ ऑगस्ट, मंगळवार

खिळ्या,

शनिवारचं पत्र तुला मिळायच्या आत हे लिहिते. भिंतीला हो म्हणण्याआधी तुला एक गोष्ट माहीत असायला हवी. ती लपवून तुझा होकार घेतला तर मी पुन्हा तेच केलं असं होईल.

बाबा शेवटचं वर्षभर बाजेवरच होते. डोकं लख्ख होतं. दुपारी मी त्यांची बाज खिडकीशी सरकवायचे, तिथून परस दिसायचं. एक दिवस ते बाहेर बघत म्हणाले, ‘खिळ्याला कमी गेलं का गं?’

मी म्हणाले, ‘नाही बाबा. सारखंच आहे. तुम्हीच मोजलंत ना?’

ते म्हणाले, ‘मोजलं खरं.’ आणि डोळे मिटून पडले. त्यानंतर पाच महिन्यांनी गेले, आणि मधल्या काळात मी त्यांना तो विषय काढू दिला नाही. काढणार असं दिसलं की मी चहा आणायला उठायचे.

मी हो म्हटलं असतं तर त्यांनी तुला बोलावून घेतलं असतं. पडल्या पडल्या भिंत हलवली असती. पाच महिने तू त्यांच्याजवळ येऊन बसला असतास. जागा मी आज परत देऊ शकते. ते महिने नाही देऊ शकत.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू रागवलास तर बरोबर आहे. पत्र लिहायचं बंद केलंस तरी बरोबर आहे. फक्त भाचीला पोस्टकार्ड लिहू दे, एवढंच मागते.

ताई


२४ ऑगस्ट, रविवार

खिळ्या,

तीन आठवडे होत आले. रोज शाळेतून आले की आधी पेटी उघडते. पोस्टमन आता लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून. भला माणूस आहे, जवळ येऊन नाही म्हणायचं त्याला अवघड जातं.

मी विनवणी करायला लिहीत नाही. क्षेत्रफळाचा धडा संपला, ते कळवायला लिहिते. चाचणी झाली. प्रश्न घातला होता: तळहात, बाक आणि मैदान, कशाला कोणतं एकक? तक्रारचं उत्तर असं: ‘तळहाताला चौरस सेंटीमीटर, बाकाला वही, मैदानाला चौरस मीटर. मैदानाला वही घेतली तर मैदान संपायच्या आधी सुट्टी लागेल.’ पैकीच्या पैकी दिले. चाळीसपैकी छत्तीस मुलांना सगळं आलं. उरलेल्या चौघांना घेऊन मी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसते, तुझे चौकोन मांडते. त्यातल्या दोघांना आता येतं, पण तरी ते रोज येऊन बसतात. मी काही हाकलत नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, रजेवरच्या बाई परत आल्या की तुम्ही तुमच्या मोठ्या मुलांकडे जा. मी म्हटलं, मला इथेच राहू द्या. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मला तिसरी आवडते आहे रे. सुखी आहे मी इथे, हे लिहिताना लाज वाटते, कारण आत्ता सुखी असायला नको असं वाटतं. पण दिवसाचे सहा तास असतेच. सातव्या तासाला पेटी उघडते.

गवंड्याला अजून सांगितलेलं नाही. तुझ्या होकाराशिवाय वीटही हलवणार नाही.

ताई


२ सप्टेंबर, मंगळवार

खिळ्या,

पत्र आज आलं. पोस्टमन या वेळी सायकल टाकून धावत आला. मी ते उघडलं नाही, शाळेत घेऊन गेले, मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसून वाचलं. वाचून झाल्यावर मी टेबलावर डोकं ठेवलं, आणि तक्रार पाणी प्यायला आत आली तर म्हणाली, ‘बाई, तुम्ही रडताय की झोपलाय?’ म्हटलं, दोन्ही नाही. ती म्हणाली, ‘एक काहीतरी असणार.’

तुझी पत्रं अशी का असतात रे, एवढीशी? ‘तीन आठवडे राग होता. आता नाही. बाबांनी मलाही विचारलं होतं. घड्याळवाल्याच्या फोनवरून, तुला न सांगता. म्हणाले, तुला कमी गेलं का? मी म्हटलं, नाही बाबा, सारखंच आहे.’

म्हणजे त्यांनी दोघांना विचारलं, आणि दोघांनी एकच उत्तर दिलं. त्यांनी ते कसं घेतलं असेल? आपण खोटं बोलतोय हे त्यांना कळलं असेल का? कापड हातात घेऊन ते आतली शिवण सांगायचे, आपला आवाज त्यांना कळला नसेल असं मला वाटत नाही. पण पोरांचं उत्तर एक आहे, एवढंही त्यांना पुरलं असेल. ते शेवटचे महिने शांत होते, खिळ्या. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. जेवायचे, हसायचे, मला बटणं लावायला सांगून मग ती कशी चुकली ते सांगायचे.

तू त्यांच्यासाठी म्हणालास आणि मी माझ्यासाठी. हा फरक मी विसरणार नाही, आणि तू विसरावास असंही म्हणत नाही. तू राग नाही म्हणालास, तेवढं मी घेतलं, दोन्ही हातांनी घेतलं.

आणि शेवटची तुझी ओळ: ‘भिंत सरकवू नकोस, त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय. मी तिच्यात दार करून देतो. दोन्हीकडची जागा दोघांची. दाराचं माप पाठव.’

पाठवते. शाळा सुटल्यावर लगेच मोजलं. भिंत सव्वासहा फूट उंच आहे, म्हणजे वरून चौकटीला जागा कमी. तेव्हा वरपर्यंत उघडंच ठेव, नाहीतर तू वाकून ये. रुंदीला साडेतीन फूट धर. एवढ्यातून तुझा तक्ता उभा धरला तर सरळ जाईल आणि आपण दोघं शेजारी शेजारी जाऊ. फक्त घेर नाही पाठवत, उंची आणि रुंदी दोन्ही लिहिल्यात. दोनदा मोजल्यात.

भाचीला घेऊन ये. तिला एक दिवस माझ्या वर्गात बसवीन, तक्रारच्या शेजारी, मग जे होईल ते होईल. बायकोला सांग, या वेळी कपबशा मी धरीन.

लाकूड तुला आवडेल ते घे. बिजागऱ्या दणकट लाव. आणि कडी लावू नकोस, कुठल्याच बाजूनं.

ताई